नावाचे मोल

दक्षिण फ्रान्समध्ये आपल्या नवागामसारखेच नावात ‘नवे’पण मिरविणारे एक जुने गाव आहे. शातोनफ द्यु पाप, म्हणजे ‘पोपचा नवा गड’. तेथील तांबडे द्राक्षासव जगद्विख्यात. अनेक मळ्यांत गोल गोटे पसरलेले. दिवसाचे ऊन साठवून ते रात्री वेलींना ऊब देतात. परंतु नाव मोठे होताच भेसळही वाढली. तेव्हा १९२३ साली बॅरन ल रॉय यांच्या पुढाकाराने बागाइतदारांनी जमीन व द्राक्षांच्या जाती यांविषयीचे निर्बंध स्वतःवरच घालून घेतले. १९३६ मध्ये त्यांस शासनमान्यता लाभली.

मद्यबंदीच्या गुजरातेत आपणांस त्या आसवाशी कर्तव्य नाही; धडा मात्र घेण्याजोगा आहे. पैठणीच्या पदरावर झळकणाऱ्या सुरतेच्या जरीलाही आता भौगोलिक मानांकन आहे. प्लास्टिकची जर अस्सल म्हणून खपविणारा कारागिराच्या तोंडचा घास काढतो, आणि न पारखता घेणारे आपण त्यास हातभार लावतो.