येता गुरुवार म्हणजे नेमका कोणता?

पिंपरी-भोसरी पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारऐवजी गुरुवारी असते. त्यामुळे इथल्या हजेरीच्या नाहीतर डिस्पॅचच्या सॉफ्टवेअरमध्ये 'येत्या गुरुवारची तारीख काढा' हे काम कधी ना कधी येतंच.

जावास्क्रिप्टमध्ये ते तसं एका ओळीचं. 'गेटडे' रविवारला ० धरतं आणि शनिवारला ६, म्हणजे गुरुवार ४. चारातून आजच्या वाराचा आकडा वजा करा, सात मिळवा, साताने भागा आणि बाकी उरेल तेवढे दिवस पुढे जा. आज शनिवार असेल तर बाकी ५. सात मिळवायचे राहिले तर बाकी उणे येते आणि तुम्ही थेट गेल्या गुरुवारी जाऊन पोचता!

इथपर्यंत गणित झालं. पण आजच गुरुवार असेल तर? बाकी शून्य. मग येता गुरुवार आजचा की आठवड्यानंतरचा? पुष्कळ जण शून्याचे सात करतात आणि मोकळे होतात. माझं म्हणणं असं, की हा निर्णय प्रोग्रामरने एकट्याने घेऊच नये.

समजा, बुधवारची तिसरी पाळी आहे. रात्री अकराला आत गेलेला कामगार गुरुवारी सकाळी सातला सुटणार. रात्री दोन वाजता त्याने मोबाइलवर पुढची सुट्टी पाहिली. कॅलेंडरने गुरुवार लागलेला, शून्याचे सात झाले, सुट्टी आठवडाभर पुढे! खरं तर ती पाच तासांवर आलेली असते आणि तिच्या भरवशावर त्याने गावी जायचं ठरवलेलं असतं. गंमत म्हणजे सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर असेल तर तिथे अजून बुधवारच असतो आणि उत्तर चुकून बरोबर येतं. तेही पहाटे साडेपाचपर्यंतच.

१९४८ च्या कारखाने कायद्याच्या ५७ व्या कलमाने हा घोळ निस्तरून ठेवला होता. पाळी मध्यरात्र ओलांडत असेल तर सुट्टीचे चोवीस तास पाळी संपल्यापासून मोजायचे आणि मध्यरात्रीनंतरचं काम आदल्या दिवसात धरायचं. जावास्क्रिप्ट आली १९९५ साली. तिला तिसरी पाळी ठाऊक नाही, आणि तो काही तिचा दोष नव्हे.

तेव्हा मंडळी, ती एक ओळ लिहिण्याआधी टाइम ऑफिसात एक चक्कर मारा आणि विचारा, 'तुमचा दिवस किती वाजता सुरू होतो?'