घाई नेमकी कशाची?

दासगावाहून कॉलेजात येणाऱ्या कला शाखेच्या पोराने पायथॉनच्या भानगडीत का पडावे, असे मित्र विचारतात. आमच्या वार्षिकाच्या जुन्या अंकांतून आजीच्या तोंडचे शब्द शोधून मोजायचे होते, म्हणून पडलो. प्रोग्राम रात्रभर चाले. 'थ्रेड टाक' हा सल्ला फुकट मिळतोच! मी ऐटीत काम चार थ्रेडांत वाटले. वेळ तेवढाच.

कोडे उलगडले वीर स्टेशनावर. रोहा-वीर मार्ग २०२१ साली दुहेरी झाला, पुढे एकेरीच. गाड्या वाढवल्या तरी क्रॉसिंगला थांबणे चुकत नाही. रूढ पायथॉनमध्ये जीआयएल नावाचे असेच एक कुलूप आहे. ते ज्याच्या हाती, तोच थ्रेड त्या क्षणी पायथॉनचा कोड चालवतो.

म्हणून थ्रेडांना नावे ठेवणेही उतावीळपणाचे. इंटरनेटवरून पाने मागवताना थ्रेड वाट पाहतो, तेव्हा कुलूप सोडतो व दुसऱ्याचे काम सरकते. मोजणीसारख्या कष्टाला मल्टिप्रोसेसिंग बरे. तिथे प्रत्येक प्रोसेसचा रूळ स्वतंत्र. २०२४ च्या ३.१३ आवृत्तीत कुलपाविना चालण्याची प्रायोगिक सोयही आली. असो.

माझ्या मते, प्रोग्राम वाट पाहतो आहे की राबतो आहे, हे आधी तपासावे. पायथॉनसोबतच मिळणारे सीप्रोफाइल ते दाखवते. माझे पितळ तिथेच उघडे पडले: प्रत्येक शब्दासाठी मी अख्खी यादी पुन्हा चाळत होतो! यादीच्या जागी डिक्शनरी घातली. एकाच थ्रेडवर, चहा निवायच्या आत मोजणी आटोपली.