नाणेभर बॅटरी आणि महासंगणकांचे लोकार्पण

२६ सप्टेंबर २०२४ रोजी पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथील तीन 'परम रुद्र' महासंगणकांचे लोकार्पण झाले. खर्च सुमारे १३० कोटी रुपये. पुण्यातील यंत्र जीएमआरटी दुर्बिणीच्या निरीक्षणांतून रेडिओ स्फोटांचा शोध घेणार, दिल्लीतील आंतरविद्यापीठ त्वरक केंद्राचे यंत्र पदार्थविज्ञान आणि अणुभौतिकीसाठी राबणार, तर कोलकात्याच्या एस. एन. बोस केंद्रातील यंत्रावर भौतिकशास्त्र, विश्वरचनाशास्त्र आणि भूविज्ञान यांतील गणिते सुटणार, असे आपण सर्वांनी वाचले. मला मनापासून आनंद झाला. १९९१ साली पुण्यात सी-डॅकने 'परम ८०००' उभा केला, तेव्हापासूनचा हा प्रवास अभिमानाचाच आहे. परंतु मी वाचलेल्या एकाही बातमीत असे नव्हते की, चौथ्या महिन्यात रात्री दोन वाजता यांतील तीन नोड उठेनासे झाले तर त्यांच्यापाशी जाऊन बसणार कोण, त्याला ते शिकवले कोणी आणि त्याची नोकरी किती दिवसांची.

हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. तो तसा नाही, हे सांगण्यासाठी थोडे स्वानुभवाकडे वळतो.

काही वर्षांपूर्वी मी एका विद्यापीठात शोधविद्यार्थी होतो. आमच्या विभागाकडे सोळा संगणकांचा एक लिनक्स क्लस्टर होता. प्रथिनांच्या रेणूंची हालचाल संगणकावर घडवून पाहणे, हे माझे काम. एकेक गणित आठ संगणकांवर मिळून नऊ तासांत संपत असे. एका पावसाळ्यात मात्र काही गणितांना अचानक अठरा तास लागू लागले. सर्वांना नव्हे, काहींनाच. तीच फाइल, तोच प्रोग्राम, आज नऊ तास आणि परवा अठरा.

मार्गदर्शक म्हणाले, तुझ्या कोडमध्ये चूक असणार. मीही ते मानले. शोधविद्यार्थ्याचा पहिला संशय नेहमी स्वतःवरच असतो. दोन आठवडे मी कोड उकलून पुन्हा विणत बसलो. नोडवर लॉगिन करून 'टॉप' लावले की प्रत्येक संगणक शंभर टक्के राबताना दिसे. म्हणजे यंत्रे ठीक, असा निष्कर्ष मी काढला आणि तिथेच फसलो. समांतर गणितात एक संगणक मागे पडला की इतर सात जण त्याच्या उत्तराची वाट पाहत राहतात. पण ही वाट ते शांत बसून पाहत नाहीत. एमपीआयच्या बहुतेक अंमलबजावण्यांत प्रक्रिया क्षणोक्षणी 'आले का? आले का?' असे विचारत फिरत राहते, आणि त्या विचारण्यातच सीपीयू पूर्ण व्यग्र दिसतो. रिकामा आणि कामात असलेला यांतला फरक टॉपच्या त्या आकड्यात उमटत नाही.

तिसऱ्या आठवड्यात मी एक भयंकर विचार केला. रेणूंच्या गणितात काळ छोट्या पावलांनी पुढे सरकतो. माझे पाऊल एक फेम्टोसेकंदाचे होते. ते दोन केले तर गणित निम्म्या वेळात संपेल! हायड्रोजनचे बंध जखडून न ठेवता असे केले, तर ऊर्जा हळूहळू वाहवत जाते आणि उत्तरे बिघडतात, हे मला ठाऊक होते. तरीही प्रबंधाची तारीख जवळ आली होती, आणि 'एवढ्याने काय होते' हे वाक्य मनात तयार होते. यंत्रातला दोष विज्ञानात शिरतो तो बहुधा या वाटेने. यंत्र मंद असते, माणूस घाईत असतो, आणि तडजोड भौतिकशास्त्राशी केली जाते.

वाचवले ते आमच्या सिस्टिम अ‍ॅडमिनने. अकरा महिन्यांच्या कंत्राटावर असलेला हा तरुण अभियंता. आम्ही त्याला दादा म्हणत असू. त्याने कोडकडे पाहिलेच नाही. प्रथम विचारले, "संथ गणिते कोणकोणत्या नोडवर गेली होती, ते लिहून आण." मी यादी केली. प्रत्येक संथ गणितात अकरा क्रमांकाचा नोड होता. जलद गणितांपैकी एकातही नव्हता. मग त्याने त्या नोडच्या कर्नलची नोंदवही उघडली आणि हसून म्हणाला, "हे यंत्र दर वेळी १ जानेवारी २०१७ लाच का जन्म घेते, ते सांग बघू."

खरेच, प्रत्येक वेळी वीज जाऊन आल्यावर सुरुवातीच्या ओळींवर तीच तारीख होती. काही क्षणांनी नेटवर्कवरून खरी वेळ येई आणि घड्याळ सरळ होई, त्यामुळे वरवर पाहणाऱ्याला काही कळू नये. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली होती. वीज गेली की बायोस सारे काही विसरे: तारीख विसरे, आणि त्याबरोबर आम्ही घातलेली मांडणीही. यंत्र कारखान्यातील मूळ मांडणीवर परते. त्या मांडणीत वीजबचत चालू होती, त्यामुळे पूर्ण भार असतानाही प्रोसेसर २.६ ऐवजी १.२ गिगाहर्ट्झवर रेंगाळे. लिनक्सने काही म्हणायचा प्रश्नच नव्हता. वेगाची सूत्रे बायोसने स्वतःकडे घेतली होती. नवी बॅटरी चहा-वड्याच्या पैशांत आली. तीन आठवडे त्या बॅटरीने खाल्ले होते.

पुढच्या वर्षी दादाचे कंत्राट वाढवले गेले नाही. निधी यंत्रांसाठी होता, माणसांसाठी नव्हता, असे कारण कानावर आले.

ही गोष्ट मी इतक्या तपशिलाने सांगितली, कारण दादाने जे केले ते पाहून मला वैज्ञानिक पद्धत प्रथमच हातात धरता आली असे वाटते. आधी लक्षण नेमके मोजायचे. मग 'केव्हा होते' इतकेच महत्त्व 'केव्हा होत नाही' या प्रश्नाला द्यायचे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. ब्रेंडन ग्रेग या अभियंत्याने सुचवलेली पद्धतही अशीच साधी आहे: प्रत्येक साधनाला, म्हणजे सीपीयू, स्मृती, डिस्क, नेटवर्क यांना, तीन प्रश्न विचारायचे. किती वापर आहे? रांग लागली आहे का? चुका नोंदल्या जात आहेत का? आपण पहिल्या प्रश्नावर थांबतो. तिसरा तर विचारतच नाही, आणि पुष्कळदा उत्तर तिथेच असते. चार पदरांनी जोडलेली इन्फिनिबँड तार एका पदरावर उतरलेली असते. ग्राफिक्स कार्ड सोळा मार्गिकांऐवजी आठांवर बोलत असते. दुरुस्त होणाऱ्या स्मृतिदोषांची संख्या रोज वाढत असते, आणि कोणी वाचत नाही म्हणून ती नोंद निमूट पडून राहते.

एक उदाहरण विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात ठेवावे. सर्व्हरचे लोड अ‍ॅव्हरेज दोनशेवर गेले की विभागात गलका होतो: सीपीयू कमी पडतात, नवे यंत्र घ्या. पण लिनक्समध्ये हा आकडा केवळ सीपीयूच्या रांगेतील प्रक्रिया मोजत नाही. डिस्कच्या किंवा नेटवर्कवरील फाइलच्या प्रतीक्षेत अखंड ताटकळलेल्या प्रक्रियाही त्यात धरल्या जातात. फाइल सर्व्हर गोठला, तर लोड दोनशे आणि सीपीयू जवळजवळ मोकळा, अशी स्थिती सहज येते. त्या वेळी नवा प्रोसेसर घेणे म्हणजे पाय मोडलेल्याला चष्मा देणे होय.

तुम्ही म्हणाल, हे लहान क्लस्टरचे रडगाणे. आता सारे क्लाउडवर जाईल, मोठ्या कंपन्या पाहून घेतील. त्या कंपन्यांनी स्वतः काय लिहिले आहे, ते वाचा. २०२१ साली फेसबुकच्या अभियंत्यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांच्याकडे फाइली गहाळ होत होत्या. माग काढत ते एका प्रोसेसरच्या एकाच गाभ्यापर्यंत पोचले. १.१ चा ५३ वा घात काढून त्याचा पूर्णांक भाग घेतला, तर उत्तर १५६ यायला हवे. तो गाभा शून्य देत होता. ना क्रॅश, ना इशारा, ना नोंद. त्याच वर्षी गूगलच्या संशोधकांनीही अशाच भरवशाच्या नसलेल्या गाभ्यांविषयी लिहिले. त्याआधी २००९ मध्ये गूगलच्या यंत्रांवरील अभ्यासात दरवर्षी आठ टक्क्यांहून अधिक स्मृतिपट्ट्यांत दोष आढळले होते. म्हणजे दोष मोठ्या यंत्रणांतही असतात. फरक इतकाच की, तिथे शून्याचा माग काढायला माणसे ठेवलेली असतात. आपल्याकडच्या एखाद्या हवामान प्रारूपात असे शून्य शिरले, तर ते कोणाच्या नजरेस पडेल?

निरीक्षणशक्तीचे सर्वांत देखणे उदाहरण मार्च २०२४ च्या अखेरीचे. आंद्रेस फ्रॉइंड हा अभियंता पोस्टग्रेसची कामगिरी मोजत होता. एसएसएचने लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो आणि सीपीयूही जास्त खर्च होतो, हे त्याला खटकले. अर्धा सेकंद! आपण चहाचा घोट घेऊन विसरलो असतो. त्याने तो धागा ओढला आणि 'एक्सझेड' या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या संपीडन-ग्रंथालयात कोणीतरी लपवलेले चोरदार सापडले. ते प्रमुख लिनक्स वितरणांच्या स्थिर आवृत्त्यांत पोचण्यापूर्वीच उघडे पडले. कामगिरीतील किरकोळ विसंगतीकडे दुर्लक्ष न करण्याच्या सवयीने जगभरातील असंख्य सर्व्हर वाचले.

आता मुद्द्याची गोष्ट. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीत प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालते. आपली राष्ट्रीय महासंगणन मोहीम २०१५ साली ४,५०० कोटी रुपयांच्या तरतुदीने सुरू झाली. 'ऐरावत' हे यंत्र जून २०२३ मध्ये त्या यादीत पंचाहत्तराव्या स्थानी आले आणि बातमी झाली. पण हे स्थान ज्या चाचणीवर ठरते ती काही तासांची असते, यंत्र नवे असताना आणि उत्तम अभियंते त्याभोवती उभे असताना घेतलेली. लग्नातल्या छायाचित्रावरून संसार जोखावा, तसे हे आहे. पाचव्या वर्षी त्या यंत्राचे किती नोड जिवंत आहेत, महिन्यातून किती तास ते बंद होते, कोणत्या कारणाने, ही माहिती करदात्याला आणि संशोधकाला मिळायला हवी. प्रत्येक संस्थेने दोषांची मासिक नोंद खुली करावी, असे मला वाटते. त्यात लाज नाही. डिसेंबर २०२१ मध्ये क्योतो विद्यापीठाच्या महासंगणकावर बॅकअपच्या स्क्रिप्टमधील चुकीमुळे सुमारे ७७ टेराबाइट संशोधन-विदा पुसली गेली. त्यांनी ते जाहीर केले, कारणासह. चालू असलेल्या स्क्रिप्टवरच तिची नवी आवृत्ती चढवली गेली, हे कारण वाचून जगातल्या किती अ‍ॅडमिननी आपापली स्क्रिप्ट उघडून पाहिली असेल!

दुसरी मागणी माणसांची. यंत्राच्या निविदेत हमीचा आणि देखभालीचा करार असतो, हे मान्य; परंतु तो करार सुटा भाग बदलून देतो. नोड अकरा का मंदावला, हे तो विचारत नाही, कारण नोड अकरा 'चालू' असतो. तो विचारणारा माणूस संस्थेचाच हवा, विज्ञान थोडे समजणारा, आणि दहा वर्षे टिकणारा. वितरणे बदलतात, माणूस टिकला तर ज्ञान टिकते. २०२० च्या डिसेंबरमध्ये सेंटओएस ८ चे आयुष्य २०२९ ऐवजी २०२१ अखेरच संपेल असे जाहीर झाले, आणि ३० जून २०२४ रोजी सेंटओएस ७ ही संपले. समांतर फाइलप्रणालीचा ड्रायव्हर विशिष्ट कर्नललाच बांधलेला, ग्राफिक्सचा ड्रायव्हर दुसऱ्याच कर्नलला, आणि प्रयोगशाळेचे जुने सॉफ्टवेअर तिसऱ्याच ग्रंथालय-आवृत्तीला. अशी गाठ सोडवायला मागच्या स्थापनेच्या वेळी काय केले होते ते आठवणारा कोणीतरी लागतो. अकरा महिन्यांच्या कंत्राटात आठवण साठत नाही.

विद्यार्थ्यांनाही दोन शब्द, थोडे कठोर. हल्ली दोषसंदेश दिसला की तो उचलून चॅटबॉटला चिकटवायचा आणि आलेली आज्ञा रूट म्हणून चालवायची, अशी रीत पडली आहे. मदत घ्यायला हरकत नाही, मीही घेतो. पण आज्ञा चालवण्यापूर्वी ती काय मोडू शकते, हे स्वतःला सांगता आले पाहिजे. आणि दोष गेला, तरी 'का गेला' हे कळेपर्यंत तो सुटलेला नसतो. पुन्हा सुरू केल्यावर ठीक झालेले यंत्र हे माझ्या अनुभवात सर्वांत संशयास्पद यंत्र असते.

त्या पावसाळ्यात नोड अकराची बॅटरी बदलल्यावर दादाने उरलेल्या पंधरा यंत्रांच्याही बॅटऱ्या मोजायला लावल्या. आणखी चार अखेरच्या घटका मोजत होत्या. मी वहीत प्रत्येक नोडपुढे व्होल्टेज आणि तारीख लिहिली, आणि ती वही तो जाताना मलाच देऊन गेला.