रेघ मारून पूर अडत नाही

सांगलीतल्या आमच्या घरी जिन्याशेजारच्या भिंतीवर आईने काढलेल्या पेन्सिलीच्या तीन खुणा आहेत: २००५, २०१९, २०२१. मधली सगळ्यात उंच. त्या वर्षी कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट. दर वेळी साहेब लोक म्हणाले, ‘अभूतपूर्व!’ सोळा वर्षांत तीनदा घर बुडतं, त्यात अभूतपूर्व काय आहे, हे एकदा कुणीतरी समजावून सांगावं.

सरकारी नकाशावर दोन रेघा असतात. निळी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. शंभर वर्षांतून एकदा म्हणजे दर वर्षी शंभरात एक शक्यता. आपल्याकडे त्याचा अर्थ लावतात, ‘येऊन गेला, आता नातवंडांनी बघावं.’ वर या रेघा आखायच्या मागच्या पावसाच्या हिशेबावर. पाऊस बदलला, नदीपात्रात भराव पडले, तरी रेघ जागची हलत नाही.

खरं नियोजन एका रेघेवर भागत नाही. त्याला उद्याची चार वेगवेगळी चित्रं लागतात. १०५ टीएमसीचं कोयना धरण काठोकाठ, खाली कर्नाटकातलं अलमट्टी धरण भरलेलं आणि घाटमाथ्यावर आठवडाभर धो धो, हे एक. जुलैत पुराच्या भीतीने धरणात जागा ठेवली आणि ऑगस्ट कोरडा गेला, हे दुसरं. मग जत-आटपाडीसारख्या दुष्काळी तालुक्यांनी काय प्यायचं? पुणे-बंगळुरू हायवे पाण्याखाली गेला तर दूध, डिझेल, औषधं कुठून आणायची, हे तिसरं. गावागणिक बोटी किती आणि चालवणार कोण, हे चौथं. हा चौथा प्रश्न २०१९ पूर्वी विचारला गेला असता, तर त्या वर्षीच्या पुरात ब्रह्मनाळ गावात खचाखच भरलेली बोट कदाचित उलटली नसती. या चारही चित्रांत जो निर्णय तग धरतो, तोच शहाणपणाचा.

अशी चित्रं मांडली गेली त्या एका बैठकीला मी होतो. सल्लागाराने चार शक्यता मांडल्या. एका साहेबांनी बिस्किट चहात बुडवत विचारलं, ‘यातलं नक्की काय होणार, तेवढं सांगा.’ अहो, हा प्रश्न ज्योतिषाला विचारायचा! ‘नक्की’ माहीत नाही म्हणूनच तर चार चित्रं काढायची. सल्लागार गप्प बसला, अहवालाला बाइंडिंग झालं आणि पूरपट्ट्यातली बांधकामं आपल्या गतीने वर चढत राहिली.

माझी मागणी एवढीच: नदीकाठच्या प्रत्येक बांधकाम परवानगीवर, सही करणाऱ्याने स्वतःच्या हाताने एक ओळ लिहावी. पाणी ५७ फुटांवर गेलं तर इथली माणसं कुठून बाहेर पडतील? ती ओळ लिहिता येत नसेल, तर सहीही करू नये.