सातबाऱ्याची मास्टर चावी कोणाच्या खिशात?

जमिनीचा कागद ज्याच्या ताब्यात, गावाची मान त्याच्या ताब्यात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला हे शिकवावे लागत नाही. पूर्वी हा कागद तलाठ्याच्या दप्तरात होता, आता तो संगणकाच्या डेटाबेसमध्ये आहे. 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला, त्याचे आम्ही स्वागतच करतो. पण दप्तर गेले म्हणून दप्तराची सत्ता गेली काय? ती फक्त जागा बदलून बसली आहे.

जुन्या पद्धतीत एक शहाणपण होते. जमीन महसूल संहितेच्या कलम 150 प्रमाणे फेरफार लिहिणारा एक आणि प्रमाणित करणारा दुसरा. मध्ये नोटीस, मध्ये हरकत. कलम 155 खाली लेखनातील चूक दुरुस्त करतानाही, तपासणीत अधिकाऱ्याला चूक दिसली तर पक्षकारांना नोटीस दिल्याशिवाय दुरुस्ती करता येत नाही. संगणकाच्या पडद्यावर याच पायऱ्या मांडता येतात. पण पडद्यामागे डेटाबेस सांभाळणारा प्रशासक असतो. त्याच्या हाती सर्वाधिकार असेल तर एकही पायरी न चढता तो थेट नोंदीला हात घालू शकतो. 'भोगवटादार वर्ग 2' मधल्या 2 चा 1 झाला, की हस्तांतरणावरचे बंधन कागदावरून नाहीसे! आदिवासींच्या जमिनीला कलम 36 आणि 36-अ ने दिलेले संरक्षण कायद्यात तसेच राहील, पण त्याची खूण नोंदीतून पुसली जाईल. ना नोटीस, ना हरकत.

असे येथे घडले, असा आरोप आम्ही कोणावरही करीत नाही. पण असे घडूच नये यासाठी काय बंदोबस्त केला आहे, हे विचारण्याचा हक्क आम्हाला आहे.

सॉफ्टवेअर बनविणाऱ्यांनी या प्रश्नावर काम केले आहे. मायएसक्यूएल या जगभर वापरल्या जाणाऱ्या डेटाबेसमध्ये 'सुपर' नावाचा एक अधिकार होता. तो ज्याला मिळाला, तो सर्व्हरची मांडणी बदलू शके, दुसऱ्याचे चालू काम तोडू शके. एवढेच नव्हे, तर बदल टिपणारी सर्व्हरची नोंदवही आपल्या कामापुरती बंद ठेवून बदल करू शके. चोरानेच पहारेकऱ्याला सुट्टी द्यावी, तसा हा प्रकार! 2018 च्या 8.0 आवृत्तीत या एका अधिकाराची कामे अनेक स्वतंत्र अधिकारांत वाटली गेली. नोंदवहीचा अधिकार वेगळा, जोडण्या तोडण्याचा वेगळा. 2019 मध्ये 'सिस्टिम युजर' हा नवा अधिकार आला. त्यामुळे साध्या खात्याला व्यवस्थेच्या खात्यात ढवळाढवळ करता येईनाशी झाली. मारियाडीबीनेही 2020 च्या 10.5 आवृत्तीत 'सुपर'चे असेच तुकडे केले.

पण एका चावीच्या दहा चाव्या करून त्याच जुडग्यात बांधल्या आणि जुडगा त्याच माणसाला दिला, तर काय साधले? सॉफ्टवेअर सोय देते, वाटप माणसे करतात. 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी, माणूस कितीही थोर असला तरी त्याच्या हाती सारी सत्ता सोपवू नका, असा इशारा दिला होता. जो इशारा थोर माणसाबद्दल खरा, तो कंत्राटी प्रशासकाबद्दल खोटा कसा ठरेल?

मेंढा-लेखाचे उदाहरण आपल्यासमोर आहे. 2009 मध्ये या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. पण बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक वनखात्याकडे होते, तोवर हक्क लंगडाच होता. 27 एप्रिल 2011 रोजी ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले, तेव्हा हक्क चालू लागला. पट्टा महत्त्वाचा खराच, पण पुस्तक कोणाच्या टेबलावर आहे, तेही तितकेच महत्त्वाचे. डेटाबेसमधले अधिकार हे आजचे परवाना-पुस्तक आहे.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. माहिती अधिकार कायदा, 2005 चे कलम 4(1)(ख)(2) सांगते की प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या अधिकाऱ्यांचे व कर्मचाऱ्यांचे अधिकार आणि कर्तव्ये स्वतःहून प्रसिद्ध करावीत. जमिनीची नोंद बदलू शकणारा अधिकार संगणकात दिलेला असला, तरी तो अधिकारच आहे. तोही प्रसिद्ध झाला पाहिजे. सुरक्षेचे कारण पुढे केले जाईल. आम्ही पासवर्ड मागत नाही, कुलपाची रचना मागत नाही. कोणत्या पदाला नोंद वाचता येते, कोणत्या पदाला बदलता येते आणि नोंदवही कोणाच्या ताब्यात आहे, एवढेच मागतो. तहसीलदाराचे अधिकार जाहीर केल्याने तहसील कार्यालय असुरक्षित होत नाही.

दुसरी मागणी अशी की, बदल करणारा आणि बदलांची नोंदवही सांभाळणारा कधीही एक नसावा. तिसरी अशी की, आपल्या गावच्या नोंदींत वर्षभरात काय बदलले, याची यादी ग्रामसभेसमोर वाचली जावी.

आमच्या समाजातील कितीतरी मुले-मुली आज संगणक शिकून बाहेर पडत आहेत. नोकरी तर त्यांनी करावीच, पण गावी आल्यावर ग्रामसभेत बसून हा हिशेबही समजावून सांगावा. वकिलाला कलम कळते, त्यांना कुलूप कळते. दोघे एकत्र आले, तर सातबारा कोणाला गुपचूप बदलता येणार नाही.