विश्लेषण : कोळसा असूनही परळीचे वीज केंद्र बंद का पडले? उष्णता ‘वाया’ जाण्यामागचे विज्ञान काय?

फेब्रुवारी 2013 मध्ये मराठवाड्यातील भीषण दुष्काळात बीड जिल्ह्यातील परळी औष्णिक वीज केंद्राचे सर्व संच बंद करावे लागले. कारण होते पाणी. 2015 मध्येही तीच वेळ आली. कोळसा जाळून वीज तयार करणाऱ्या केंद्राला इतके पाणी कशासाठी लागते? याचे उत्तर उष्मा इंजिनाच्या मूलभूत नियमात आहे.

वीज कशी तयार होते?

कोळशाच्या उष्णतेने बॉयलरमधील पाण्याची वाफ होते. सुमारे 540 अंश सेल्सिअसची ही वाफ प्रचंड दाबाने टर्बाइन फिरवते आणि टर्बाइनला जोडलेले जनित्र वीज तयार करते. टर्बाइनमधून बाहेर पडलेल्या वाफेचे मग पुन्हा पाणी करून ते बॉयलरमध्ये सोडावे लागते. त्यासाठी वाफेतील उष्णता काढून घेणे भाग असते. हे काम कंडेन्सरमधील थंड पाणी करते. ते पाणी स्वतः तापते, कूलिंग टॉवरमध्ये निवते आणि त्यातला काही भाग वाफ होऊन हवेत जातो. टॉवरवर दिसणारे पांढरे ढग धुराचे नसून याच बाष्पाचे असतात. उडून गेलेले पाणी भरून काढायला धरण लागते.

किती ऊर्जा वाया जाते?

जुन्या पद्धतीच्या केंद्रात कोळशातील 100 भाग उष्णतेपैकी ढोबळमानाने 35 भागांचीच वीज होते. जवळपास निम्मी उष्णता कंडेन्सरमधून जाते, उरलेली चिमणी व इतर मार्गांनी.

हे टाळता येणार नाही का?

पूर्णपणे नाही. फ्रेंच अभियंता सादी कार्नो याने 1824 मध्येच हे दाखवून दिले. धबधब्याचे पाणी वरून खाली पडते म्हणून चाक फिरते. तसेच उष्णता गरम जागेकडून थंड जागेकडे वाहते, तेव्हाच इंजिन काम करते, अशी त्याची मांडणी होती. म्हणजे काही उष्णता थंड बाजूला सोडणे ही इंजिन चालण्याची अटच आहे. 540 अंशांची वाफ आणि 40 अंशांचा कंडेन्सर धरला, तर आदर्श यंत्राचीही कार्यक्षमता साधारण 61 टक्क्यांपलीकडे जात नाही. घर्षण आणि गळतीमुळे प्रत्यक्षातला आकडा त्याहून बराच खाली येतो.

उन्हाळ्यात अडचण का वाढते?

कंडेन्सर जितका थंड, तितकी वीज जास्त. एप्रिल-मेमध्ये थंड करणारे पाणीच कोमट असते, त्यामुळे कार्यक्षमता घटते. नेमकी तेव्हाच विजेची मागणी वाढते आणि धरणे तळ गाठतात.

मग उपाय काय?

केंद्र सरकारच्या डिसेंबर 2015 च्या अधिसूचनेने कूलिंग टॉवर असलेल्या जुन्या केंद्रांसाठी दर मेगावॉट-तासाला 3.5 घनमीटर, म्हणजे एका युनिटमागे साडेतीन लिटर पाण्याची मर्यादा घातली. या हिशेबाने महिन्याला 200 युनिट वापरणाऱ्या घरासाठी केंद्रात 700 लिटरपर्यंत पाणी खर्ची पडू शकते. नागपूरजवळच्या कोराडी केंद्राला शहराचे प्रक्रिया केलेले सांडपाणी दिले जाते, त्यामुळे धरणावरचा भार हलका होतो. कोराडीतील 660 मेगावॉटचे संच अधिक दाबाच्या वाफेवर चालतात, म्हणून तेवढ्याच कोळशात जास्त वीज देतात.

टाकाऊ उष्णता वापरण्याचा उत्तम नमुना राज्यातल्या साखर कारखान्यांत आहे. तिथे उसाचे चिपाड जाळून केलेली वाफ आधी टर्बाइन फिरवते आणि नंतर तीच वाफ उसाचा रस आटवते. वीज केंद्राशेजारी असा ग्राहक क्वचितच असतो.

सौर पॅनल आणि पवनचक्की ही उष्मा इंजिने नाहीत. त्यांना कंडेन्सर लागत नाही. पॅनल धुण्यापुरते पाणी पुरते. दुष्काळी भागात वीज कशापासून करायची, हे ठरवताना कोळशाच्या दराइतकाच हा फरकही मोजावा लागेल.