झटका मशीन नवी, पण खांब सडका. कुंपण टिकणार कसं?

विश्लेषण

तूर, हरभरा, मका काहीही पेरा, रात्री रानडुकराची आणि रोह्याची धास्ती ठरलेलीच. जंगलालगतच्या गावांना जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला अनुदान मिळतं, त्यामुळे झटका मशीन आता बऱ्याच धुऱ्यांवर दिसते. चर्चा मशीनची, बॅटरीची, तारेची होते. खांबाची कुणी करत नाही. कुंपण पडतं ते मात्र खांबापासूनच.

खांब कलला की तार ढिली पडते, गवताला टेकते. करंट जमिनीत उतरतो आणि झटका कमी होतो. डुकराला तेवढी वाट पुरते. मग जागल पुन्हा सुरू. काही जण वैतागून घरगुती लाइनचा करंट तारेत सोडतात. तो गुन्हा आहे, आणि त्यात माणसंही मरतात.

खांब कुठे सडतो?

जमिनीच्या पातळीवर. वर ऊन असतं, खोल हवा नसते. मधल्या वीतभर पट्ट्यात ओल आणि हवा दोन्ही मिळतात, तिथंच बुरशी आणि उधळी लागते. काळ्या मातीत आणखी एक गोष्ट. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. कमी खोल गाडलेला खांब एका वर्षात कलतो.

लाकूड कोणतं?

साग म्हटलं की आपण डोळे झाकून घेतो. पण टिकतो तो सागाचा आतला तपकिरी गाभा. बाहेरचा पांढरट थर उधळी खाते. कोवळ्या बल्लीत हा थरच जास्त असतो. म्हणून घेताना कापलेलं तोंड बघा, गाभा किती ते मोजा. बाभळीचंही तसंच: जून घ्या, साल काढा. जुने लोक बाभूळ पाण्यात भिजत ठेवायचे, त्यानं भुंगा कमी लागतो. बांबूलाही हाच उपाय. निलगिरी आणि सुबाभूळ स्वस्त, पण प्रक्रिया न करता गाडले तर लवकर जातात.

साग, अंजन, खैर, ऐन, तिवस ही झाडं 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. झाड स्वतःच्या बांधावरचं असलं तरी तोडायला परवानगी लागते. बाभूळ त्या यादीत नाही, तरी गाडीत भरण्याआधी वनरक्षकाला विचारलेलं बरं.

गाडताना

सात फुटी खांब दोन फूट तरी आत जावा, कोपऱ्याचा त्याहून खोल आणि जाड. ताण सगळा कोपऱ्यावर येतो, तिथं तिरपा टेका द्या. बुडाशी गिट्टी किंवा मुरूम टाका. वाळलेल्या खांबाला जमिनीच्या वर वीतभर येईल इतकं डांबर लावा. ओल्या लाकडाला लावलं तर ओल आतच कोंडते. झटक्याची तार थेट लाकडाला बांधू नका, पावसात भिजलेलं लाकूड करंट ओढतं, इन्सुलेटर हवाच.

ज्यांना घाई नाही त्यांनी धुऱ्यावर गिरिपुष्पाच्या जाड फांद्या पावसाळ्याच्या तोंडावर लावाव्यात. त्या मूळ धरतात, म्हणजे खांब सडत नाही आणि पाला खताला होतो.

अनुदानाचा अर्ज भरताना मशीनसोबत खांबाचाही हिशेब धरा. ग्रामसभेतही हा विषय काढा. मशीन बिघडली तर दुरुस्त होते, पण दाणा भरायच्या वेळी आडवं झालेलं कुंपण त्या हंगामात पुन्हा उभं राहत नाही.